बांधलेला ओठ

अकरा दिवसांचा असताना मी माझ्या आईला टाकून दिलं. यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसू नये असंच माझं आजवरचं वागणं आहे. भावनगरात दुला सांघाडियाच्या कुठल्याच गोष्टीवर कुणी विश्वास ठेवत नाही. अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला येणाऱ्या बोटींचं सामान विकण्यात माझी तीस वर्षं गेली. नॉर्वेच्या एका कप्तानाचा पोपट माझ्या दुकानात आला, तीन दिवस बोट हाकायचे हुकूम सोडत राहिला, आणि तेवढ्यात आमचं दुकान समुद्राच्या दिशेनं चार फूट सरकलं, ही गोष्ट मी इतक्या गिऱ्हाइकांना सांगितली की शेवटी माझ्या मुलानं उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत टेप लावून पाहिली. किती भरलं ते तो अजून सांगत नाही. पण ही पोपटाची गोष्ट नव्हे. ही खरी आहे, म्हणून अवघड जाणार. मी आत्ता घरच्या झोपाळ्यावर बसलोय. जेवणं झालीत, सून रसीला खाली बसून मेथी निवडतेय, आणि समोर भिंतीला टेकून नातसून कृपाली एकोणतीस दिवसांच्या व्योमला ओढणीखाली घेऊन बसलीय. दहा दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाही. म्हणजे भांडण नाही. चहा देते, रक्तदाबाची गोळी आठवणीनं काढून ठेवते, पंखा कमी करू का म्हणून विचारते. पण लग्न होऊन आली त्या दिवसापासून जी मुलगी 'दादा, आज काय ठोकताय' म्हणत माझ्या पायाशी येऊन बसायची, ती कुठं गेली कळत नाही. तिला परत आणायचं म्हणून मी तोंड उघडलंय. पोपट तिला पाठ आहे. म्हणून ही काढली.

तर अकरा दिवसांचा. महुव्याला आमचं घर, वडील लाकडी खेळणी करायचे, सांघाड्यावर, म्हणजे लाकूड कातायच्या चरकावर, भोवरा फिरत असतानाच त्याला लाखेची कांडी टेकवायची की रंग स्वतः वितळून चढतो, तो वितळलेल्या लाखेचा वास मला आजही कुठं आला तर पोटात काहीतरी हलतं, आणि ते भूक असतं की भीती हे अठ्ठ्याहत्तर वर्षांत ठरलेलं नाही. आमच्यात मूल जन्मलं की दुधाच्याही आधी कापसाच्या वातीनं त्याच्या जिभेवर गूळतुपाच्या पाण्याचा थेंब ठेवतात. गळथूथी. ती कुणी द्यायची यावर घरोघर रुसवेफुगवे होतात, कारण जो देईल त्याचा स्वभाव मुलात उतरतो. मला ती दिली वडिलांच्या बहिणीनं, रळियातफोईनं. फुवा, म्हणजे तिचा नवरा, भावनगरच्या रेल्वे कारखान्यात सुतार, बारा वर्षं संसार आणि मांडी रिकामी. बहिणीनं गळथूथीचा मान भावाकडे मागून घेतला, भाऊ नाही म्हणू शकला नाही. नावही फोईनंच ठेवायचं असतं; तिनं ठेवलं दुर्लभ, त्याचं पुढं दुला झालं. आणि मग मी आईचं दूध घेईना. तोंड उघडायचो, घ्यायचो, सुटायचो, रडायचो, परत घ्यायचो. वर जीभ वाजवल्यासारखा टक टक आवाज करायचो, जणू आईला हिणवत होतो. आईच्या छातीला चिरा पडल्या, ताप भरला. एकोणीस वर्षांची होती ती, झवेर तिचं नाव. सातव्या-आठव्या दिवसापासून घरातल्या बायका म्हणू लागल्या, हा फोईचा झालाय, गळथूथीनं आपलं काम केलं, आता याला आई चालायची नाही. अकराव्या दिवशी मला फोईच्या पदरात घातलं आणि फोई मला घेऊन भावनगरच्या गाडीत बसली. बोंडलं आणि शेळीचं दूध यांच्यावर मी वाढलो. ही गोष्ट मला कुणी लपवून ठेवलेली नव्हती. उलट आमच्या बोळात ती मला हसत हसत सांगितली जायची, आणि लहानपणी मला तिचा माजच होता. बाकीची पोरं आईच्या पदराला धरून हिंडायची आणि मी असा की ज्यानं अकराव्या दिवशीच आपला निर्णय घेतला. शेळी मला कमीपणाची वाटायची म्हणून मी ती उंटीण केली. कच्छहून खास आणलेली, पांढरी, रात्री शुक्रतारा पाहून दूध देणारी. पोरं अर्धवट मानायची. मला ते अर्धं पुरायचं.

महुव्याला मी वर्षातून एकदा जायचो. आई मला पाटावर बसवून वाढायची. माझ्या धाकट्या भावंडांना ती ओरडायची, त्यांचे कान ओढायची, उष्ट्या हातानं त्यांच्या तोंडात घास कोंबायची, आणि माझ्या ताटात बाजरीच्या रोटल्यावर तूप वाढून विचारायची, आणखी घेणार? पाहुण्याला विचारतात तसं. नवव्या वर्षी मी मुद्दाम दुधाची वाटी सांडली, एक थप्पड तरी मिळेल म्हणून. तिनं फडकं आणून पुसलं आणि म्हणाली, होतं असं. नंतर विहिरीवर कुणी बाई तिला म्हणाली की मुलगा उंच होणार हं, तेव्हा ती म्हणालेली मी ऐकली: 'तो माझा नाही. त्यानंच मला टाकलं.' रागानं नव्हे. विहिरीला पाणी किती आहे हे सांगावं तसं. त्या दिवसापासून माझा माज उतरला आणि त्याच्या जागी जे आलं त्याला मी नाव दिलेलं नाही. मी तिचा अपराधी होतो, आणि अपराध कधी केला ते मला आठवत नव्हतं. ती गेली तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. थोरला मी, पण अग्नी धाकट्यानं दिला, कारण मी फोईचा. मी मागे इतर नातेवाइकांत उभा होतो आणि पायांना खालून ऊन भाजत होतं, आणि शेजारच्या माणसाला मी काय सांगत होतो माहीत आहे? पोपटाची गोष्ट. तो हसू दाबत होता. मला थांबता येईना.

आता व्योमचं सांगतो, कारण दोन्ही एकच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण कृपालीची आई ती शाळेत असतानाच गेली, म्हणून ते आमच्याकडेच झालं. गळथूथी कुणी द्यायची हा प्रश्न निघाला तेव्हा रसीलानं आपल्या भावाचं नाव घेतलं, तो कलेक्टर कचेरीत आहे. कृपाली म्हणाली, दादा देतील. रसीला म्हणाली की अगं मुलगा खोटारडा निघेल. कृपाली म्हणाली, निघू दे, पण हसवेल तरी. ह्या घरात माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललेलं नाही. दवाखान्यात नर्सनं दोनदा बजावलं होतं की आईच्या दुधाशिवाय मुलाच्या तोंडात काही जाता कामा नये. ती पाठमोरी झाली आणि मी वात टेकवली. ते एवढंसं तोंड मिटलं, चुटकन. माझ्या हातात कापूस होता आणि मला वाटलं, कुणीतरी मला आतून ओढून घेतलं.

पुढं तेच. तोंड उघडायचा, घ्यायचा, सुटायचा. दुधाची धार हनुवटीवरून गळ्यात. टक टक. मी झोपाळ्यावर, कृपाली ओढणीखाली, म्हाताऱ्या माणसानं बघायचं कुठं तर जमिनीकडे, म्हणून मी तिचे पाय बघायचो. मूल धरलं की तिच्या पायांची बोटं फरशीला अशी गच्च आवळायची की नखं पांढरी पडायची. त्यावरून कळायचं आत काय चाललंय. रसीलाला एक बरं निमित्त मिळालं. 'बापुजींची गळथूथी आहे. तोंड मोठं उघडतो, पण खरं काही आत जात नाही.' मी हसायचो. कृपालीही पहिल्यांदा हसली. मग रसीला म्हणू लागली की पोरीच्या अंगात दूध नाही, नुसती केमिस्ट्री आहे. कृपाली कॉलेजात शिकवते ना. ह्यावर कुणी हसलं नाही. सातव्या दिवशी डब्याचं दूध आलं. बोंडलं कपाटातून निघालं, फोईचंच, चांदीचं, आणि ते धरायची रीत घरात एकट्या मला माहीत. चोच गालाच्या आतल्या बाजूला टेकवायची, घाई करायची नाही, गिळल्याशिवाय पुढचा थेंब नाही. माझ्या मांडीवर तो शांत व्हायचा. ओठांच्या कडेला फेस, एक मूठ माझ्या अंगठ्याभोवती. शेजारच्या बायका बघायला यायच्या, म्हणायच्या, घ्या, हा दादांचाच झालाय, आईला विचारत नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाच्या मांडीवर काय बसतं? मांजर, नाहीतर वर्तमानपत्र. माझ्या मांडीवर एक जीव बसला होता आणि त्याला माझ्याखेरीज कुणाचं चालत नव्हतं. कृपाली आतल्या खोलीच्या दारात उभी राहून बघायची, आणि तिची चोळी दोन्हीकडे ओली झालेली असायची. अठराव्या दिवशी वजन केलं तर जन्माला होतं त्याहून शंभर ग्रॅम कमी. रसीलानं ठरवलं की आता वरच्या दुधावरच घालायचं, कृपालीनं सुट्टी संपवून कॉलेजात जावं, मूल आम्ही बघू. आम्ही म्हणजे ती आणि मी. नातू मौलिक म्हणाला, मम्मी म्हणते तर तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी कृपाली मूल उचलून रिक्षात बसली. मी मागून चढलो. बोंडलं माझ्या खिशात होतं.

बाळांची डॉक्टर तिशीतली, काठेवाडी बोलणारी, दटावणारी. तिनं कृपालीला समोर बसवलं, गुडघ्याला गुडघे लावले आणि दोघींच्या मांडीवर व्योमला उताणा आडवा घेतला, डोकं आपल्याकडे. आणि मग तिनं आपली बोटं त्याच्या वरच्या ओठाखाली घातली आणि ओठ वर उलटला. आत गुलाबी हिरडी, आणि हिरडीपासून ओठापर्यंत एक जाड पट्टी, अगदी खालपर्यंत उतरलेली, बोटीचं शीड दोरीनं बांधून ठेवावं तशी. ती म्हणाली, 'हे सगळ्यांनाच असतं. याचं जरा जाड आहे आणि खाली आलंय, म्हणून ओठ बाहेर उमलत नाही, आत मुडपतो. मग पकड सुटते, हवा जाते, तो टक आवाज त्याचा.' जिभेखालीही तिनं पाहिलं. तिथं काही अडकलेलं नव्हतं. मौलिकनं फोनवरून विचारलं की कापून टाकायचं का, आमच्या ऑफिसातल्या एकानं लेझरनं करून घेतलं म्हणे. ती म्हणाली की लगेच सुरी काढायची काही गरज नाही, नुसती पट्टी दिसली म्हणून कुणी कापायला सांगितलं तर दोनदा विचारा. आधी धरायची रीत बदलू, आठवडाभर वजन बघू. पुष्कळ मुलांचं तेवढ्यानं भागतं. वाढताना ती पट्टी आपसूक वर सरकते, कधी चालायला लागल्यावर मूल तोंडावर पडतं आणि ती थोडी फाटते, रक्त बघून आया घाबरतात, पण दाबून धरलं की थांबतं. मोठेपणी पुढच्या दातांत फट राहिली तर तेव्हाचं तेव्हा. मग ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, जेवढं इथं बोंडल्यानं जाईल तेवढं तिथं आटेल, दादा, दूध मागितल्याशिवाय येत नाही. आणि तिनं विचारलं, घरात आणखी कुणाला लहानपणी असं झालं होतं का? मी मान हलवली. नाही म्हणून. सवय.

मग पडदा ओढला. पडदा खाली जमिनीपर्यंत पोचत नव्हता. मला कृपालीचे पाय दिसत होते. डॉक्टरचा आवाज येत होता: हनुवटी आधी लाव, नाक मोकळं राहू दे, आता वाट बघ, मोठं तोंड उघडू दे, हां, आता ओढून जवळ घे, आणि हा ओठ बोटानं बाहेर उलट. पायांची बोटं आवळली. मग एक एक करून सुटली. आणि आवाज आला. तो आवाज मी ह्या जन्मात कधी ऐकला नव्हता, म्हणजे माझ्या स्वतःच्या गळ्यातून. गट्. थोडं थांबून गट्. अरुंद तोंडाच्या कळशीतून पाणी ओतताना होतो तसा. कृपाली रडत होती हे मला आवाजावरून नाही, पायांवरून कळलं. मला आनंद झाला. लिहून ठेवा, मला आनंद झाला. आणि त्या आनंदाच्या मध्येच खुर्ची माझ्याखालून सरकल्यासारखी झाली, कारण मला रळियातफोईचं बोट दिसलं.

हे बघा, सत्तर वर्षं मी ते बोट विसरलो होतो. बोटीच्या तळाशी असं सामान सापडायचं, वर दहा मजले, कुणी उघडलेलं नाही, आणि झाकण काढलं की आत रंग जसाच्या तसा. भावनगरच्या वडव्यातला आमचा बोळ. मी सात वर्षांचा, ओट्यावर वडिलांनी पाठवलेला भोवरा फिरवतोय. फोई बोळातल्या बाळंतिणींना तेल लावायला जायची, तिच्या हातांना कायम एरंडेलाचा वास. समोरच्या घरात मोंघी नावाची नवी बाळंतीण, मूल दूध घेत नाही, सासूनं शेळीवाल्याला बोलावणंसुद्धा धाडलेलं. फोई आत गेली, मी मागोमाग. तिनं मूल मांडीवर घेतलं, करंगळी वरच्या ओठाखाली सरकवली, ओठ वर केला, पाहिलं, आणि हसली. 'दुधात खोट नाही, मोंघी. तोंडाला लगाम आहे.' मग तिनं दाखवलं. हनुवटी आधी. नाक मोकळं. ओठ आत मुडपला तर बोटानं बाहेर काढायचा, कमळाची पाकळी उलटी करावी तसा. सासू तोंडात बोट घालून बघत राहिली. मोंघीनं विचारलं, फोई, हे तुम्हाला कुणी शिकवलं? आणि फोई म्हणाली, 'माझ्या बापाच्या आईनं. अकरा वर्षांची होते तेव्हा.' मोंघीचा मुलगा मोंघीपाशी राहिला. पुढं तो महापालिकेत लागला. असे त्या बोळात किती तरी राहिले, सहा, दहा, मी मोजले नाहीत. प्रत्येक वेळी फोई हात धुऊन यायची, पदराला पुसायची, आणि मला उचलून घ्यायची. जरा जास्तच घट्ट. मला वाटायचं तिला दम लागलाय.

अकरा वर्षांची होते तेव्हा. मी जन्मलो तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. म्हणजे तिला वीस वर्षं माहीत होतं. आमच्या घरात, माझ्या आईच्या पाठीशी बसून ती आईच्या डोक्याला तेल चोळत होती, आणि टक टक ऐकत होती. दिवसाला दहा-बारा वेळा, अकरा दिवस. करा हिशेब. प्रत्येक टक तिला समजत होता. एक बोट हलवायचं होतं. ते बोट परक्या बायकांच्या पोरांसाठी जन्मभर हललं आणि माझ्या आईसाठी हललं नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर मी न्हाणीघराची कडी लावली आणि आरशासमोर माझा वरचा ओठ उलटला. दात राहिलेले नाहीत, हिरडी आहे. आणि ती पट्टी आहे, जाड, खालपर्यंत आलेली, वरच्या कवळीला त्या जागी खाच का पाडावी लागली ते मला तेव्हा कळलं. म्हणजे मी कुणाला टाकलं नव्हतं. मी अकरा दिवस जीव तोडून प्रयत्न करत होतो. माझी आई विहिरीवर उभी राहून म्हणाली, त्यानंच मला टाकलं, आणि तसंच मानत मेली. आणि मला वाढवणारी, गोवरात चौदा दिवस माझ्या उशाशी बसलेली, माझ्या पहिल्या खोट्या गोष्टीला पहिली हसलेली, ती हे ऐकून होती आणि गप्प होती. तिच्यावर राग काढायला माझ्यात वेगळी जागाच नाही. माझ्या अंगातलं सगळं तिनं घातलेलं आहे. राग कुठून आणू? तोही तिच्याच बोंडल्यातला.

रसीलानं मेथीची जुडी बाजूला ठेवलीय. ती म्हणते, बापुजी, फोईंना त्या वेळी सुचलं नसेल, माणसाचं असं होतं. मी म्हणतो, न सुचायला काय झालं? मी सांगतो कसं होतं ते. पहिल्या दिवशी माणूस म्हणतो, बघू, आपोआप जमेल. दुसऱ्या दिवशी म्हणतो, आता सांगितलं तर म्हणतील काल का नाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते मूल आपल्या मांडीवर येतं, शांत होतं, बोट धरतं, आणि माणूस म्हणतो, एकच दिवस. उद्या सांगू. आई तर काय, तिच्याकडे त्याला जन्मभर राहायचंच आहे. आपल्याकडे किती दिवस आहेत? आणि मग लोक म्हणायला लागतात की हा तुमचाच झालाय, आणि हे वाक्य एकदा कानात गेलं की ते कापसाच्या वातीसारखं गोड लागतं, त्यापुढं तोंडच उघडत नाही. वाईटपणा नसतो त्यात. माणूस दुष्ट असता तर त्याला झोप लागली नसती. फोईला झोप लागायची, चांगली, घोरायची. हे सगळं मी बोललो आणि माझ्या लक्षात आलं की रसीला माझ्याकडे बघतेय, मेथीकडे नाही. झोपाळा आपोआप थांबला होता. कडीचा आवाज थांबल्यामुळे व्योमचा गिळण्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. गट्. गट्. आठवड्यात दोनशे ग्रॅम वाढलाय.

म्हणून सांगतो, मी पुन्हा पायानं झोपाळ्याला रेटा देत म्हणालो, म्हणून सांगतो की ज्यानं हे सोसलंय तोच ओळखू शकतो. मी माझ्या आईचं देणं फेडू शकत नाही, पण ही पोरगी माझ्या आईसारखी मूल घालवून बसली नाही, देवानं वेळेवर ते बोट मला दाखवलं. आणखी चार दिवस आधी आठवलं असतं तर मीच कृपालीला म्हटलं असतं, बेटा, ओठ उलट. पण आठवण काय आपल्या हातात असते? ती येते तेव्हा येते. व्योमच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, त्या डॉक्टरच्या खुर्चीत बसेपर्यंत मला यातलं अक्षर आठवत नव्हतं. आणि खरोखर हात ठेवावा म्हणून मी पुढं वाकलो. कृपालीनं ओढणीखालून आपला तळवा वर आणला आणि मुलाच्या टाळूवर पसरला. जागा उरली नाही. माझा हात तसाच हवेत. तिनं दहा दिवसांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि मला वाटलं, हसणार आता, गोष्ट पोचली.

'सहाव्या दिवशी दुपारी,' ती म्हणाली, 'मम्मी छठ्ठीच्या पूजेचं बघत होत्या, आणि तुम्ही पाळण्यापाशी आलात. मला झोप लागलीय असं वाटलं तुम्हाला. तुम्ही करंगळीनं त्याचा ओठ वर केलात. बराच वेळ बघत होतात. मी विचारलं, काय बघता, दादा? तुम्ही म्हणालात, काही नाही बेटा, तोंड कुणावर गेलंय ते बघतोय.'